घरचा तलाव आणि चार फुटांचे कुंपण

उन्हाळ्याची सुट्टी लागली की या सदरात मी दरवर्षी उष्माघात, गॅस्ट्रो आणि उघड्यावरचे बर्फाचे गोळे यांवर लिहितो. यंदा विषय जरा वेगळा आहे. घरच्या पोहण्याच्या तलावाभोवती कुंपण कसे असावे, हा तो विषय. वाचताक्षणी काहीजण म्हणतील, "डॉक्टर, ही मोठ्या लोकांची कामं. आमच्या घरी कुठला आलाय स्विमिंग पूल?"

वाचकहो, एकदा गावाबाहेरच्या रस्त्याने फेरी मारून या. फार्म हाऊस झाली, कृषी पर्यटन केंद्रे झाली, प्लॉटिंगवर बंगले उठले. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी निळ्या फरशीचा एखादा छोटा तलाव असतोच. ज्यांच्याकडे नाही ते सुट्टीत दोन दिवस भाड्याने घेतात. आणि तलावाच्या आवारात राहणारे सगळेच काही मोठे लोक नसतात. राखणदाराचे कुटुंब असते, माळ्याचे असते, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या कडेवर लेकरू असते.

पुढची हकिगत अशाच एका लेकराची आहे. गाव आणि नावे सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

मी काय सांगितले आणि काय सांगितले नाही

2018 साली माझ्या एका जुन्या परिचितांच्या बंगल्याची वास्तुशांत होती. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. जेवणे झाल्यावर अण्णांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेले. तिथे नवा कोरा तलाव होता. एका टोकाला तीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला पाच. पुण्या-मुंबईची नातवंडे सुट्टीत यावीत, म्हणून हौसेने बांधलेला.

"डॉक्टरसाहेब, पोरांना काही बाधणार नाही ना पाण्यानं?" त्यांनी विचारले.

मी मोठ्या उत्साहाने माहिती दिली. क्लोरीन किती वेळाने तपासावे, डोळे आलेल्या मुलाला पाण्यात का सोडू नये, कान फुटलेल्याने काय काळजी घ्यावी, पोहण्याआधी आंघोळ का करावी. पंधरा मिनिटे बोललो. त्यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. पण स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून तलावाचा काठ जेमतेम वीस पावलांवर होता आणि मधे काहीही आडवे नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले आणि त्यावर अवाक्षर काढले नाही. नकाशा मंजूर करतानाही कुणी तो प्रश्न विचारला नव्हता. आवाराभोवती सात फुटी भिंत होती, वर काचा लावलेल्या होत्या. अण्णा म्हणाले, "बाहेरचं चिटपाखरू आत येऊ शकत नाही." मी मान डोलावली.

2019च्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास दवाखान्यासमोर मोटारसायकल थांबली. मागे बसलेल्या माणसाच्या हातात अण्णांच्या राखणदाराची अडीच वर्षांची मुलगी होती. घरात पाहुणे होते. आमरसाचे जेवण करून सगळे आत पंख्याखाली लवंडले होते. राखणदार बर्फ आणायला गेला होता, त्याची बायको मागच्या मोरीवर भांडी घासत होती. सकाळी पोहून गेलेल्या मुलांचे प्लॅस्टिकचे बदक पाण्यावर तरंगत राहिले होते. पोरगी कधी तिकडे गेली, कुणालाच कळले नाही. आवाज झाला नाही. ती सापडल्यावर घाबरून गेलेल्या लोकांनी तिचे पाय धरून उलटी केली, पोट दाबले, गरगर फिरवले. त्यात मोलाची मिनिटे गेली.

मी आणि माझ्या कंपाउंडरने जे करता येईल ते केले. जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत सगळे संपले होते.

तिची आई मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "साहेब, मी दोन भांडीच घासली हो." बाहेर जमलेल्या बायका म्हणत होत्या, आईचं लक्ष नको का? पुरुष म्हणत होते, नशीब. मी गप्प होतो. कारण मला ठाऊक होते की ही नशिबाची गोष्ट नाही आणि आईच्या लक्षाचीही नाही. मधे एक दार हवे होते. आणि ते मला आधीपासून माहीत होते.

ब्रिस्बेनची खुर्ची

माहीत होते ते असे. 2014 साली मी धाकट्या भावाकडे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेलो होतो. ते क्वीन्सलंड राज्यातले शहर. भावाचे घर भाड्याचे होते आणि मागे छोटा तलाव होता. तलावाभोवती उभ्या गजांचे कुंपण, त्याला एक फाटक. पहिल्याच संध्याकाळी मी अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून कुंपणाला लागून ठेवली आणि चहाचा कप घेऊन बसलो. भावजय लगबगीने बाहेर आली.

"दादा, खुर्ची तिथे नको. कुंपणापासून तीन फुटांत चढता येईल असं काही ठेवायचं नसतं."

मला हसू आले. घरात तर तेव्हा लहान मूलही नव्हते. भावाने मग सांगितले की तलावाचे सुरक्षा प्रमाणपत्र असल्याशिवाय घरमालकाला तिथे घर भाड्यानेच देता येत नाही. परवाना असलेला तपासनीस येऊन टेप लावून कुंपण मोजतो. जुन्या तलावांनाही नव्या नियमात बसण्यासाठी 30 नोव्हेंबर 2015 ही मुदत घालून दिलेली होती. मी म्हणालो, "तुमच्याकडे सगळ्याचाच बाऊ करतात." हे वाक्य मला 2019च्या त्या दुपारी आठवले.

पुढे मी या विषयावरचे वाचन केले. तेव्हा कळले की हा बाऊ तिथल्या डॉक्टरांनीच केला होता. ब्रिस्बेनचे बालरोगतज्ज्ञ जॉन पर्न आणि त्यांचे सहकारी यांनी 1970च्या दशकात शहरातल्या बुडालेल्या मुलांच्या नोंदी एकेक करून अभ्यासल्या. घरोघरी तलाव वाढत होते आणि त्यांत पडणारी मुले बहुतेक करून चालायला शिकलेली, पण समज न आलेली अशी होती. तिथून कुंपणाच्या मागणीला जोर आला. शेजारच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात 1992 साली, तर न्यूझीलंडमध्ये त्याआधी 1987 साली खास कायदा झाला. फ्रान्सने 2003 साली कायदा करून घरगुती तलावाला कुंपण, धोक्याची घंटा, मजबूत झाकण किंवा वरून बंदिस्त छप्पर यांपैकी एक उपाय सक्तीचा केला.

आवाराची भिंत म्हणजे कुंपण नव्हे

या सगळ्या वाचनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. 1998 साली थॉम्पसन आणि रिव्हारा या दोघांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा निघाला की कुंपणाने मुले वाचतात, पण ते तलावाच्या चारही बाजूंना हवे. आवाराला तीन बाजूंनी भिंत आणि चौथी बाजू म्हणजे घर, ही रचना त्या मानाने फारच तोकडी पडते.

कारण साधे आहे. आवाराची भिंत चोराला अडवते, शेजारच्या मुलाला अडवते. पण बुडणारे लहान मूल बहुतेक वेळा बाहेरून आलेले नसते. ते घरातूनच, मागच्या दाराने, आपल्या पायांनी चालत गेलेले असते. अण्णांची सात फुटी भिंत त्या पोरीच्या काहीच उपयोगाची नव्हती. ती भिंतीच्या आतच राहत होती.

दुसरी गोष्ट, आवाजाची. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. लहान मूल ओरडत नाही. एक ते चार वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते काठावरून वाकले की डोक्याकडून पाण्यात जाते. नाका-तोंडात पाणी गेल्यावर ओरडायला श्वासच उरत नाही. दोन-तीन मिनिटांत शुद्ध हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे दूध उतू जातेय का ते पाहून, दाराशी आलेल्याला पैसे देऊन परत येईपर्यंतचा हा वेळ.

म्हणून "आमचं लक्ष असतं" या वाक्यावर माझा आता विश्वास नाही. लक्ष हवेच. पण लक्ष हे माणसाचे असते आणि माणसाला डुलकी लागते, फोन येतो, भांडी घासायची असतात. कुंपणाला डुलकी लागत नाही.

कुंपण कसे असावे?

क्वीन्सलंडच्या नियमांतल्या मापांना धरून, आपल्या गावचा वेल्डर सहज करील असे मी येथे फूट-इंचात लिहितो. कात्रण काढून ठेवावे.

1. उंची : बाहेरच्या बाजूने मोजून किमान 4 फूट (तिथले माप 120 सेंटिमीटर). बाहेर मातीचा ढीग किंवा ओटा असेल तर त्यावरून मोजा.

2. फटी : दोन उभ्या गजांमध्ये 4 इंचांपेक्षा कमी अंतर. खाली जमिनीशीही तेवढेच. सोपी परीक्षा म्हणजे मोठ्या माणसाची बंद मूठ आरपार जाता कामा नये.

3. पायरी नको : गज उभेच हवेत. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलासाठी शिडी. मजबुतीसाठी दोन आडव्या पट्ट्या लागतातच, तर एक अगदी खाली आणि एक अगदी वर घ्या. त्यांच्यामध्ये किमान 3 फूट अंतर राहिले पाहिजे. नक्षीदार ग्रिल आणि मोठ्या चौकटींची तारेची जाळी इथे नको, त्यात मुलाचा पाय छान रुततो.

4. भोवती मोकळी जागा : कुंपणाजवळ तीन फुटांत खुर्ची, कुंडी, पंपाची पेटी, झाडाची खालची फांदी, झोपाळा काही नको. माझी ब्रिस्बेनची खुर्ची आठवा.

5. फाटक : हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फाटक तलावाच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडणारे हवे. मुलाने ढकलले तर ते अधिकच बंद होईल. स्प्रिंगची बिजागरी अशी हवी की कितीही उघडून सोडले तरी ते आपोआप मिटेल आणि कडी आपोआप पडेल. कडी उघडण्याचा खटका जमिनीपासून सुमारे 5 फूट उंचीवर.

6. घराचे दार : घरातून थेट तलावाच्या काठावर उघडणारे दार नसावे. खिडकी असेल तर तिला पक्के गज किंवा जाळी हवी.

7. खेळणी : पोहणे झाल्यावर बदक, चेंडू, हवेची ट्यूब सगळे बाहेर काढून नजरेआड ठेवा. तरंगणारे खेळणे मुलाला हाक मारते.

चांगले कुंपण घालून फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवायचे, हा आपल्याकडचा खास प्रकार. पाहुणे येणार, सारखी ये-जा होणार, मग लावा वीट. असे फाटक असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण त्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त होतात.

नेहमीच्या शंका

"शोभा जाते." थोडी जाते. "खर्च होतो." होतो. पण अण्णांनीच नंतर हिशेब करून मला सांगितले की कुंपणाला त्यांच्या निळ्या फरशीपेक्षा कमी पैसे लागले.

"मुलाला पोहायला शिकवलं की झालं." जरूर शिकवा. पण दोन-अडीच वर्षांचे मूल कपड्यांसह, अवचित पाण्यात पडले तर शिकलेले आठवेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हाताला बांधायचे फुगे आणि रबरी ट्यूब ही खेळणी आहेत, जीव वाचवण्याची साधने नव्हेत.

"आम्ही वरून ताडपत्री टाकतो." सैल ताडपत्री तर अधिकच घातक. मूल तिच्यावर पाय देते, आत घसरते आणि वरून काही दिसतही नाही.

"पाणी फूटभरच असतं." ऑस्ट्रेलियात 30 सेंटिमीटर, म्हणजे एक फुटापेक्षा खोल पाणी मावेल अशा हवा भरायच्या तलावालाही कुंपणाचा नियम लागू होतो. आणि लहान मूल बुडायला तेवढेही पाणी लागत नाही.

तलाव नाही, पण हौद आहे

आता ज्यांच्या घरी तलाव नाही त्यांच्यासाठी. अंगणातला हौद, जमिनीखालची पाण्याची टाकी, बांधकामावरचा पाण्याचा खड्डा, मोरीतले भरलेले पिंप, कठडा पडलेली विहीर. तत्त्व तेच : मूल आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी आडवे हवे. टाकीला लोखंडी झाकण आणि त्याला कुलूप. मोरीला मुलाच्या हाताबाहेर कडी. वापर झाला की बादली पालथी.

शेततळ्याचे तर वेगळे सांगायलाच हवे. 2016 साली "मागेल त्याला शेततळे" योजना आली आणि पाण्याची मोठी सोय झाली. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचा उतार शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मूल वाचवायला उडी मारणारा बापही बुडतो. शेततळ्याला चारही बाजूंनी जाळीचे उंच कुंपण आणि कुलूपबंद फाटक हवे. शिवाय काठावर पक्की खुंटी ठोकून गाठी मारलेले जाड दोर ठिकठिकाणी पाण्यात सोडून ठेवा, एखादी फुगवलेली ट्यूबही बांधून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून दगावली. त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुले होती. संघटनेने सांगितलेल्या उपायांत पाण्याभोवती अडसर घालणे हा एक मुख्य उपाय आहे. हे औषध कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते.

आणि तरीही घडलेच तर

मूल घरात दिसेनासे झाले तर सर्वांत आधी पाणी पाहा. माळा, पलंगाखाली, शेजारी हे नंतर.

पाण्यातून काढल्यावर उलटे धरू नका, पोट दाबू नका, गरगर फिरवू नका. पोटातले पाणी काढण्याची घाई नको, मुलाला हवा आहे. एकाने लगेच 108ला फोन करावा. मूल श्वास घेत नसेल तर कडक जागेवर उताणे ठेवा, मान किंचित मागे करून हनुवटी उचला आणि तोंडाने पाच श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर येते का पाहा. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्याने, छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाबा. 30 वेळा दाबले की 2 श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. आणि मूल शुद्धीवर आले, रडू लागले तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसांत पाणी गेलेल्या मुलाला काही तासांनीही धाप लागू शकते.

हे सारे शिकून ठेवावे. पण तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, बुडालेल्या मुलावर उपचार करण्यापेक्षा फाटकाची स्प्रिंग बदलणे फार सोपे असते.

त्या घटनेनंतर अण्णांनी तलाव उपसून कोरडा ठेवला. दीड वर्षाने नातवंडांच्या आग्रहाखातर पुन्हा भरायचे ठरले, तेव्हा ते माझ्याकडे आले. "शांत करून घेतलीय, डॉक्टरसाहेब." मी म्हणालो, "अण्णा, शांत झाली ते चांगलंच झालं. आता वेल्डरला बोलवा." वर लिहिलेली सात कलमे मी त्यांना औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिली. तीच मी त्यांना वास्तुशांतीच्या दिवशी द्यायला हवी होती.

आता तिथे चार फुटांचे कुंपण आहे. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, मी स्वतः जाऊन फाटक उघडून सोडून पाहतो. गेल्या खेपेला स्प्रिंग ढिली झाली होती, कडी पडत नव्हती. अण्णांनी त्याच दिवशी माणूस बोलावला. राखणदाराचे कुटुंब गाव सोडून गेले, त्यांची पुन्हा भेट नाही.

वाचकहो, सुट्टीत कुठे तलावाच्या ठिकाणी उतरणार असाल तर सामान आत नेण्याआधी एक काम करा. फाटक उघडा आणि हात सोडून द्या. ते आपोआप मिटून कडी पडली तर ठीक. नाही पडली तर मालकाला सांगा, आणि तो दुरुस्त करीपर्यंत लहान मुलांपाशी एक मोठा माणूस फक्त त्याच कामासाठी बसवा.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्याआधी पिण्याच्या पाण्याची टाकी कशी धुवावी.